दोऱ्याशिवायची चुण

दहीपुलाच्या उतारावर माझं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा:
एक मशीन, एक आरसा, एक पडदा.
त्या पडद्याआड अर्ध्या नाशकाची मापं घेतली मी
आणि एकही बाहेर सांगितलं नाही.

मखमलाबादच्या थेटेबाई,
वीस वर्षांचं गिऱ्हाईक.
गणपतीआधी म्हणाल्या, निर्मला,
डावीकडे ओढतंय गं, यंदा कात्री चुकली तुझी.

मी टक्स उसवला, पुन्हा घातला.
मार्जिन सोडलं.
तरी ओढतंय.
रात्री मापाची वही काढली,
गेल्या दिवाळीचं पान, त्याआधीच्या लग्नसराईचं.
आकडे तेच.
मग चुकलं कोण?

तिसऱ्या वेळी पडद्याआड
त्यांनी हात वर केला, आणि दिसलं.
काखेपासून चार बोटांवर, कातडीला
एक बारीकशी चुण,
आतून दोरा ओढल्यावर पडते तशी.
तीस वर्षं चुण्या घालते मी.
दोरा नसताना चुण पडत नाही
एवढं मला कळतं.

दुखतं का?
छे, दुखलं असतं तर बोलले नसते का.

हेच तर.
दाढ ठणकली की आपण मेनरोडला पळतो.
हे बसून राहतं ओसरीवर,
चहासुद्धा मागत नाही.

म्हटलं, ब्लाऊज देणार नाही.
आधी सिव्हिलला दाखवून या, मग न्या.
चिडल्या. माझं कापड अडवतेस?
हो म्हटलं, अडवते.
आणि शटर ओढून त्यांच्याच रिक्षात बसले.

गाठ निघाली बोराच्या बीएवढी.
डॉक्टरीण म्हणाली, वेळेवर आलात.
वेळेवर!
हा शब्द मी रोज ऐकते,
पण गिऱ्हाइकं त्याला 'कधीच नाही' जोडून बोलतात.

तिथेच बाकावर
नर्सनं मला विचारलं, मावशी, तुमची तपासणी झालीय?
माझी कशाला?
शिंपिणीचं माप कोण घेतं?
जुन्या ब्लाऊजवर नवा ठेवून बेतते मी.
वय बावन्न,
अंगावर चाळिशीचं माप.

मशीन गार. दोन पाट्यांत दाबलं,
इस्त्रीखाली कापड धरावं तसं, फक्त इस्त्री विझलेली.
चार वेळा श्वास धरला.
लाज वाटली का? वाटली, पहिल्या पाटीपुरती.
माझ्यात काही सापडलं नाही.
तरी पुढची तारीख लिहून दिली त्यांनी
आणि बोटांच्या टोकांनी नाही,
तीन बोटं सपाट ठेवून कसं चाचपायचं ते दाखवलं.
कापडाचा पोत बघतो, अगदी तस्संच.

आता छाती, कंबर, मुंढा, बाही
लिहून झालं की मी विचारते,
आंघोळीला हात फिरवता का? चाळिशी झाली, फोटो काढला का?
कुणी लाजतं, कुणी म्हणतं, काहीतरीच तुमचं.
एकीनं कापड उचललं
आणि रविवार कारंजावरच्या मास्तरकडे टाकलं.
टाकू दे.
जाता जाता जिन्यात थबकली होती, मी पाहिलं.

थेटेबाई परवा आल्या.
डोक्यावर केस उगवलेत, मऊ, पोरासारखे.
डावीकडचं माप आता वेगळं आहे.
अस्तर मलमलीचं घातलं, शिवण बाहेरून घेतली,
टोचू नये म्हणून.
आरशासमोर हात वर केला, खाली केला.
नाही गं ओढत, म्हणाल्या.

वहीत त्यांच्या पानावर
जुना आकडा मी खोडला नाही.
खाली नवा लिहिला,
आणि तारीख.