नोंद

कलेतलं मला फारसं कळत नाही.
मला तारखा कळतात.
आक्रातल्या या कचेरीत बावीस वर्षं
तारखाच लावत आलोय,
कुणाच्या चालीवर, कुणाच्या नाटकावर,
एकदा तर मासळी सुकवणाऱ्या बायांवरच्या
चारशे पानी पोथीवर.
लोकांना वाटतं मी वाचतो.
मी पानं मोजतो.

न्यारकोआ कोफोरिदुआहून आली,
ट्रोट्रोत अंग चोरून, मांडीवर पुठ्ठ्याची नळी.
नळीत कापडाची नक्षी:
निळ्यावर पिवळ्या गिनी कोंबड्या, ओळीने निघालेल्या,
पाचवीच्या पायाला एक बोट कमी.
"हे काय?"
"पोरीनं कोपराला धक्का दिला. नीट करून आणू?"
म्हटलं, असू दे. जसं घडलं तसंच द्यायचं असतं.

फीच्या नोटा तिने दोनदा मोजल्या.
"म्हणजे आता हे माझं झालं?"
"तुमचं होतंच, बाई. रंग टेकला तेव्हापासून.
हा कागद फक्त लक्षात ठेवतो."
तिचं समाधान झालं नाही.
एवढ्या पैशांत माणसाला
लक्षात ठेवण्याहून जास्त काही हवं असतं.

दोन वर्षांनी पुन्हा दारात. ओठ घट्ट.
तेमा बंदरात उतरलेल्या गठ्ठ्यातलं कापड,
अर्ध्या भावात, बाजारभर.
व्यापारी म्हणे, ही तर आमच्या आजोबांच्या वेळची नक्षी.

मी कपाटातून फाइल काढली, फुंकर मारली.
टेबलावर कापड, शेजारी तिचा कागद.
मला जे येतं ते मी केलं. मोजलं.
एक, दोन, तीन, चार.
पाचवी लंगडी.
सहा यार्डांत एकोणीस वेळा लंगडी.
चोरांनी धक्कासुद्धा सोडला नव्हता.

न्यारकोआ हसली, मग रडली,
मग माझ्याकडे पाणी मागितलं.

पुढे कोर्टात तारखा पडत गेल्या;
त्या तारखा माझ्या नव्हेत, त्यांचं मला विचारू नका.
गठ्ठे गोदामात अडकले एवढं खरं.
तिला दाखल्याची प्रत हवी होती, म्हणून परवा आली,
सोबत ती पोर, सेर्वा, आता आठ वर्षांची,
पुढचे दोन दात नसलेली.
तिने शिक्क्याखालच्या ओळी बोट लावून वाचल्या
आणि विचारलं,
"धक्का मी दिला. माझं नाव कुठाय?"

अर्जात तसा रकाना नाही.
मी पाहिलं.
दोनदा पाहिलं.