बिऱ्हाड

ब्रनोत नोव्हेंबर. चौथ्या मजल्याच्या खिडकीखाली
ट्राम वळताना किंचाळते.
झ्दिस्लावा कॉफीत साखर ढवळते, विसरते, पुन्हा ढवळते.
उद्या सकाळी नवं पॅकेज जायचंय धरणावरच्या कचेरीत,
पाण्याची पातळी मोजणाऱ्यांकडे.

त्याआधी त्याला एक खोटं घर द्यायचं.
मूळ फाइलींना कुलूप घालायचं,
बाजूला एक रिकामं फोल्डर काढायचं
आणि पॅकेजला सांगायचं, हेच सगळं जग,
मांड तुझं बिऱ्हाड.
ते बिचारं विश्वास ठेवतं.
भांडी लावतं, दिवा लावतं, पाटी ठोकतं दारावर.
मग म्हणायचं, ऊठ आता, निघ.
आणि वाकून पाहायचं मागे काय राहिलं,
घरमालकीण पाहते तसं:
खिळ्याचं भोक, कपाटामागचा एक मोजा,
एखादी रिकामी डिरेक्टरी
जिला कुणीच आपली म्हणत नाही.

जुन्या मशीनवर सगळं हिरवं.
सहा वर्षं हिरवंच.

आज तिनं कोरं मशीन घेतलं,
ज्यात कधी कुणी राहिलेलंच नाही.
एकशेबाराव्या ओळीला ते अडलं.
सापडत नाही, म्हणालं.
काय सापडत नाही?
होम, त्यात बोहुमीर, त्यात एक फोल्डर, नाव ‘पोतोम’.
पोतोम म्हणजे नंतर.

बोहुमीर नोकरी सोडून पावलोव्हला गेला, द्राक्षमळ्यावर.
फोन उचलला तेव्हा नवी वाईन बाटल्यांत भरत होता.
‘अजून आहे ते?’ तो हसला,
‘मी तर दोन दिवसांसाठी ठेवलं होतं.’
मागे बाटल्या एकमेकींवर आपटल्या.

म्हणजे सहा वर्षं
आमचं प्रत्येक पॅकेज
गुपचूप त्याच्या घरी जाऊन जेवून येत होतं,
आणि आम्ही म्हणत होतो, स्वावलंबी आहे.

तिनं ओळ बदलली. पुन्हा मांडलं, पुन्हा उठवलं.
उरलेल्या फाइलींची यादी मागितली.
यादी आली: कोरी.
या धंद्यात याहून गोड उत्तर नाही.

साडेअकरा. शेवटची ट्राम गाठायची तर आत्ताच निघायला हवं.
कोट अर्धा चढवून ती परत बसली,
आणि सगळ्या कोडमध्ये
स्वतःचं नाव शोधायला लावलं.

तीन ठिकाणी सापडलं.