गाळ

रात्रीचे साडेअकरा. क्लायपेदा बंदराच्या कचेरीत
तिसऱ्या मजल्यावर मी आणि एकशे त्रेचाळीस स्लाइड्स.
विषय खाडीतला गाळ: किती उपसायचा,
कुठे नेऊन टाकायचा, कुणाच्या खिशातून.
नऊ वाजता समिती बसेल.

संध्याकाळी वीतेनिससाहेबांचा फोन:
खोली चौदा मीटर नाही, साडेतेरा.
त्यांना वाटतं, एक आकडा तर बदलायचा.
पण तो अर्धा मीटर
नवव्या स्लाइडवर आहे, चाळिसाव्या तक्त्यात आहे,
एकशे सतराव्या नकाशात निळ्या रेघेखाली आहे,
आणि खर्चाच्या पानावर तर त्याला पिल्लं झालीत.

पूर्वी मी बाणाच्या बटणाने चालायचे,
एकेक पायरी, गुडघे धरल्यासारखी.
मग माऊसने कडेची पट्टी ओढायला लागले
आणि हवं ते दार सोडून शेजाऱ्याच्या घरात शिरायचे.
एइमान्तास म्हणाला, स्किरमान्ते, अशाने म्हातारी होशील.
शो चालू कर. आकडा टाक. एंटर.
पोचलीस की एस्केप, आणि उभी असशील तिथेच दुरुस्ती.
पाढे पाठ असतात ना, तशा स्लाइड्स पाठ कर.

केल्या.
नऊ म्हणजे खोली. चाळीस, वाळू आणि चिखलाचे टक्के.
एकसष्ट, मासेमारांची रागावलेली पत्रं.
एकशे तीस, बिल.
आता बोटं माझ्या आधी पोचतात.

नऊ, एंटर, एस्केप, साडेतेरा.
चाळीस, एंटर, एस्केप, साडेतेरा.
खाली शेवटची फेरीबोट पलीकडून रिकामी परत आली.
तिलाही दोनच जागा ठाऊक, हा काठ आणि तो काठ.

एकोणनव्वद हवी होती. बोट घसरलं.
अठ्ठ्याऐंशी.

असं पान आहे हेच मला माहीत नव्हतं.
लपवलेलं. शो त्याला ओलांडून पुढे जातो,
नंबराने हाक मारली तरच ते समोर येतं.
कोरं पांढरं, मधोमध जाड ठशात:
‘इथे थांब. पाणी पी. ते कंटाळलेत, चिडलेले नाहीत.’

कुणासाठी लिहिलं होतं? तेव्हा बोलायचा तोच.
त्याचा आवाज कापलेला मी कधी ऐकला नाही.
मधेच ग्लास उचलून सावकाश घोट घ्यायचा,
आम्ही म्हणायचो, काय ही ऐट.
मार्चमध्ये तो बर्गनला गेला. निरोपाचा केक
खालच्या मजल्यावर कापला.
मी एकशे तीसवर होते.

डिलीटवर बोट गेलं.
पण एक काढलं की पुढच्या पंचावन्न जणी
एकेक पाऊल मागे सरकतात;
नकाशा एकशे सोळावर येईल आणि उद्या
सगळ्यांसमोर माझी बोटं भलत्याच घरात शिरतील.
म्हणून ठेवलं.
साहेबांनी विचारलं तर हेच सांगेन.

आमच्या धंद्यात जे तळाशी बसतं
आणि वाट अडवतं, तो गाळ.
हे गाळलेलं पान तळाशी होतं खरं,
पण त्याने कुणाची वाट अडवली नव्हती.

एकशे सतरा, एंटर, एस्केप, साडेतेरा.
बिलाला पोचेपर्यंत दीड वाजला.
मग दिवे मालवण्याआधी सभागृहात गेले,
कपाटातून एक ग्लास काढला, विसळला,
आणि बोलणाऱ्याच्या टेबलावर,
उजव्या हाताला, ठेवून आले.