ह्याला हात लावू नये

शुक्रवारी माझा शेवटचा दिवस,
आणि मंगळवारी कॅलम विचारतो,
"शॅलन, ही ओळ कुठल्या भाषेतली?"
स्क्रीनवर बोट. प्रोग्रॅम व्याजाचा,
तारीख फेब्रुवारी एक्याण्णव,
आणि ठसठशीत रोमन अक्षरांत
माझंच मराठी:
ह्याला हात लावू नये. का चालतं ते देवाला ठाऊक.

तेहतीस वर्षं कुणी लावला नाही.

हॅलिफॅक्सला आले तेव्हा उतारावर
गिरण्यांची धुराडी उभी होती, धूर नव्हता.
मला ओळखीचं वाटलं, कुणाला बोलले नाही.
इचलकरंजीत आमच्या भिंतीला भिंत लावून
सोळा माग चालायचे. अण्णा जॉबर.
आवाज जरा बदलला की जेवता जेवता उठायचे,
हात तसाच खरकटा,
"सातव्यावर धागा तुटलाय."
मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं ऐकतात.

नोकरी लागली घरकर्ज देणाऱ्या सोसायटीत.
तळघर. हिरवी अक्षरं. आणि मॉरीन अ‍ॅक्रॉइड,
बोटांत कायम विझलेली सिगारेट.
तिने पहिल्याच आठवड्यात बजावलं:
ह्या भाषेत वाक्य पूर्णविरामाने संपतं,
आणि तो भलत्या जागी पडला
तर कुठेतरी कुणीतरी रडतं, पोरी.

पडला. माझ्याच हातून.
ब्रिगहाउसच्या एका म्हाताऱ्या बाईला
अकरा पौंडांऐवजी अकरा हजार व्याज.
तिनेच फोन केला बिचारीने.
आम्ही रात्रभर छापील कागदाच्या घड्या उलगडत
जिन्यापर्यंत पोचलो.
पहाटे चारला ते टिंब सापडलं,
माशीने घाण करावी एवढं.
मॉरीन म्हणाली, घरी जा.
मी गेले नाही. चहा केला
आणि पहिल्या पानापासून परत वाचायला बसले,
ह्या वेळी नुसतं आवडीने.

दिगंबर म्हणतो, तू झोपेत कंस बंद करतेस.
असेल.
मध्यंतरी मला मॅनेजर केलं होतं. दीड वर्ष
माणसांची वेळापत्रकं मांडली,
माणसं काही त्यांत बसली नाहीत.
स्वतःहून खालच्या मजल्यावर परत आले, पगार कमी.
सासरी धाडलेल्या पत्रात एवढंच लिहिलं नाही.

नव्व्याण्णवच्या शेवटच्या रात्री
जग बंद पडेल म्हणून आम्ही बारा जण थांबलो,
व्हिनेगर घातलेले गार चिप्स खात.
ठोके पडले. काहीच झालं नाही.
तीन वर्षं राबून आम्ही केलं ते हेच:
काहीच झालं नाही.
बाहेर फटाके, आणि सकाळी शेजारीण म्हणाली,
उगाच घाबरवलंत की हो तुम्ही लोकांनी.

मग भाषा येत गेल्या, दर चार-पाच वर्षांनी एक,
प्रत्येकीबद्दल सांगायचे, आता हीच शेवटची.
सगळ्या शिकले. एकीवर मात्र जीव बसला नाही;
नाव घेत नाही, कॅलमची लाडकी आहे.

त्याला ओळीचा अर्थ सांगितला. तो हसला नाही.
खुर्ची ओढून बसला शेजारी.
दीड तासाने दिसलं मला, ते का चालतं:
लीप वर्षाचा दिवस एकदा जास्त धरला होता,
पुढे एकदा कमी,
दोन चुका एकमेकींना सावरून उभ्या,
मंदीत, विलीनीकरणात, महामारीत.
मी टेबलावर थाप मारली एवढी
की खिडकीकडच्यांनी वळून पाहिलं.

दोन्ही चुका काढल्या.
ओळ मात्र कॅलमने तशीच ठेवली. का, ते विचारलं नाही.

शुक्रवारी केक झाला. घड्याळ नको म्हटलं होतं,
घड्याळच दिलं.

आज रविवार. दिगंबर वर झोपलाय.
मी खाली, स्वयंपाकघरात, लॅपटॉप पिठाच्या डब्याला टेकवून.
अण्णांच्या मागांवर निघायचा तो एक लुगड्याचा काठ,
रुईफुलासारखं काहीतरी, मधे बारीक चौकटी,
मला नीट आठवत नाही, प्रोग्रॅमला कुठून येणार.
एका ओळीवर धागा सरकतो,
कुठल्या, ते अजून हाती लागत नाही.

पावणेदोन.
चुकतंय अजून.
चहा ठेवते.