आधी पाच, मग साठ

वासिकोस्कीच्या बांधावर एक खोली,
खोलीत हीटर एकच, तोही पेटीकडे तोंड करून.
माणसांना कोट असतात, आउलिक्की म्हणते,
पेटीला कुठे आहे?

पेटी म्हणजे बारा खाचांची लोखंडी चौकट,
बंद पडलेल्या कागद गिरणीतून भंगाराच्या भावानं आलेली.
तीन खाचांत कार्डं, बाकी नवांत धूळ.
आत पॉवरपीसी. हा प्रोसेसर आता मिळत नाही,
मिळालाच तर विकणारा आधी विचारतो, कशाला?

नदीची पातळी मोजायला.
तीनशेवीसच्या वर गेली तर
दरवाजा चार बोटं उचलायला.
एवढंच. तीस वर्षं तिनं एवढंच केलं,
आणि गेल्या शुक्रवारी तिची डिस्क
जरा किरकिरली, मग गप्प झाली.

तेव्हापासून आउलिक्कीच यंत्र आहे.
दर दोन तासांनी टॉर्च घेऊन बाहेर,
मोजपट्टीवरचा बर्फ रंगाऱ्याच्या पात्यानं खरवडायचा,
आकडा वहीत. वय एकाहत्तर.
वहीत एकाही रात्रीची ओळ रिकामी नाही.

मी लिनक्स आणलं होतं पेनड्राइव्हवर, ऐटीत.
पेटीला त्याचं भोक नाही.
पडदा नाही, कीबोर्ड नाही,
एक सीरियल पोर्ट, तोही गंजका,
त्यातून पहिल्या दिवशी ती नुसती बरळली.
वेग चुकला होता. शहाण्यासारखं हळू विचारलं
तर एक स्वच्छ ओळ आली:
मेमरी चौसष्ट मेगाबाइट. आणि पुढे वाट पाहणारा ठोकळा.

कर्नल माझ्या लॅपटॉपवर शिजवला,
दुसऱ्याच्या चुलीवर करून केबलमधून डबा पाठवावा तसा.
सात वेळा डबा परत आला.
एकदा मीठ नव्हतं, एकदा ताटच वेगळं.
आठव्यांदा ओळी पडू लागल्या, थांबेचनात,
आउलिक्की कॉफीचा कप हातात धरून उभी,
जणू कुणी लहान मूल वाचून दाखवतंय.

मग पाण्याचा आकडा आला:
अकरा हजार दोनशे पासष्ट सेंटिमीटर.

म्हणजे एकशे बारा मीटर पाणी.
खाली पेक्कोला फोन करू का, ती म्हणाली,
की तू बुडालास?
मी मात्र दरवाजाकडे धावलो.
मोटर! फ्यूज!
तिनं खिसा थोपटला.
किल्ल्यांबरोबर आहे. पेटी खरं बोलेपर्यंत तिथंच.

रात्री साडेतीनला तिनं पेन्सिल घेतली.
तुझ्या भाषेत म्हण तो आकडा, म्हणाली. मोठ्यानं.
अकरा हजार दोनशे पासष्ट.
शेवटचं परत.
पासष्ट.
यात साठ कुठेय?
मागे.
आणि पुढे?
पाच.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं खोट्या नाण्याकडे पाहतात.
आमच्यात साठ आधी. मोठा आधी, धाकटा मग.
तुमच्यात धाकटा पुढे धावतो?

आणि मग आम्ही दोघंही पेटीकडे वळलो.

कार्ड माझ्यासारखं बोलत होतं,
प्रोसेसर तिच्यासारखा ऐकत होता.
एक आणि चव्वेचाळीस, असे दोन बाइट,
नीट लावले तर तीनशे,
जागा बदलल्या तर महापूर.
जुन्या प्रणालीत कुणीतरी ही दुभाषाची नोकरी
मुकाट्यानं केली होती, कुठे लिहून न ठेवता.
मी ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली,
आलेल्या दोघांना जागा बदला म्हणणारी.

तीनशे.

आउलिक्कीनं टॉर्च उचलला.
अगं, आता कशाला?
ती गेलीच. दार उघडलं तेवढ्यात
हीटरची सगळी कमाई बाहेर गेली.
परत आली तेव्हा भुवयांवर पांढरं.
तीनशे एक.
हा एक कोणाचा, मी विचारलं.
बर्फाचा असेल. माझ्या डोळ्यांचा असेल.
वहीत तिनं दोन्ही आकडे लिहिले, शेजारी शेजारी,
आणि हीटर पेटीच्या आणखी जवळ सरकवला.

फ्यूज सोमवारपर्यंत खिशातच राहिला.