कीस

हायड्रोजनच घेतला. साधा.
एक इलेक्ट्रॉन, आणि त्याच्यासाठी एका ओळीत रोवलेल्या
चार हजार शहाण्णव खुंट्या.
विद्यापीठात रात्रीचे दोन.
लेसर लागतो, म्हणजे पडद्यावर एक साइन,
हळू चढणारी, हळू उतरणारी.
मैदान कलतं.
इलेक्ट्रॉनला डोंगर ओलांडता येत नाही,
मग तो डोंगरातूनच झिरपतो.
लाट उलटली की माघारी फिरतो
आणि जिथून निघाला तिथंच आदळून
उजेड सांडतो,
मूळ कंपनाच्या एकवीसपट, तेवीसपट, नेहमी विषम.

माझ्या आलेखात मात्र आणखी दोन शिखरं.
जिथं काही असूच नये, तिथं.

तीन दिवस मी कुणाला बोलले नाही.
शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा सुचलं होतं.
शेवटी शाहीन मुजावर म्हणाली, पेटी दुप्पट करून बघ.
केली.
शिखरं हलली.
अणूला काय ठाऊक माझी पेटी केवढी?

रविवारी दादांबरोबर रंकाळ्यावर.
उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस
चालतानाही उजवा खांदा किंचित वाकवून चालतो.
कुणाची तरी म्हैस पाण्यात उतरली.
तिची लाट दगडी घाटावर आपटली, परत आली,
तिच्याच पोटाला लागली.
दुसरी पाणकणसात गेली
ती गेलीच.
मी थांबले. दादा म्हणाले, काय गं?
मी सांगितलं, खुंट्या, पेटी, कड, सगळं.
"मग भित लई टणक केलीयास तू."

त्या रात्री शेवटच्या तीनशे खुंट्यांत पाणकणीस लावलं:
प्रत्येक पावलाला लाटेला गुणायचं
कोसाइनच्या एक-अष्टमांश घातानं.
इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत.
दादांचं माप माझ्या सूत्रात कुठून आलं,
मला माहीत नाही.

शिखरं विझली. वाईट वाटलं थोडं.

पण बेरीज, जी एक असायला हवी,
शून्य पूर्णांक चौऱ्याण्णव.
जेवताना सांगितलं, सहा टक्के गेला.
"गेला म्हंजे? बघितलास का जाताना?"
आणि भाकरी मोडता मोडता:
बीड असंल तर कीस भुग्यासारखा पडतो,
पोलाद असंल तर लांब वेटोळी,
निळा आला तर समजायचं, वेग जास्त झाला.
कामाचं काय चाललंय ते कामाकडं बघून कळत नाही, पोरी,
ट्रेमध्ये बघायचं.
मग टाकायचं.

आई म्हणाली, पुरे आता, कशाकशाचा कीस काढता.

पाणकणसाच्या अलीकडे, एका खुंटीवर
मी आता पहारा बसवलाय.
जो जाईल त्याला अडवायचं नाही,
फक्त विचारायचं, किती वेगानं.
पावलं बारीक हवीत, एका अ‍ॅटोसेकंदाहून बारीक,
म्हणून सकाळ होते.

साडेपाचला पहिली ओळ छापली गेली.
दादांना फोन करणार होते.
त्यांची पहिली पाळी; डबा भरत असतील.