तुटक रेषा

वुल्व्हरहॅम्प्टनच्या मीटिंग रूममध्ये भिंतीवर
शिरोलीच्या फाउंड्रीचा तक्ता लावलाय.
वर मथळा : उदयोन्मुख बाजारपेठा.
(आम्ही अजून उगवतोच आहोत.)
खाली एकोणीस चौकोन, रेषा सगळ्या पट्टीनं मारलेल्या.
ग्रॅहम पेटिफर त्यावर पेनाचं टोपण आपटत विचारतो,
मार्चमध्ये वाळू संपली होती, ट्रक बंद होते,
तरी कास्टिंग वेळेवर कसं आलं?
मंजुरी कुणाची?

दत्तोबा लाड, मी म्हणते.
तो चौकोन शोधायला लागतो.
नाही सापडायचा, ग्रॅहम. दत्तोबाची चहाची गाडी
गेटच्या बाहेर असते, तुझा तक्ता गेटपाशी संपतो.
त्याचा साडू शेजारच्या फाउंड्रीत स्टोअर सांभाळतो.
रात्री साडेनवाला फोन झाला,
उजाडायच्या आत चाळीस पोती भिंतीवरून अलीकडे.
पावती नाही, सही नाही.
वाटीभर साखर आणावी तशी
उसनी आणली वाळू.

आता ‘उसनी’ला इंग्रजीत काय म्हणू?
कर्ज म्हटलं तर तो व्याज विचारतो,
भेट म्हटलं तर ऑडिटवाल्यांकडे बघतो.
शेवटी पेन्सिलनं एक तुटक रेषा काढतो
गेटच्या बाहेर जाणारी,
टोकाला प्रश्नचिन्ह.
“तुमची संस्कृती फार रंगीत आहे,” म्हणतो
आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

मी त्याला अर्धंच सांगितलं.
उरलेलं असं, की त्याच फाउंड्रीत
सहा वर्षं लॅब सांभाळून
मी बढतीच्या मुलाखतीला बसले होते
आणि मोठ्या साहेबांनी फाइल न उघडता विचारलं होतं,
“कुरणे म्हणजे... पाहुणे कुठले म्हणायचे?”
मी गाव सांगितलं.
त्यांनी मान हलवली, पण गाव ऐकून नाही.
चहा आला. कप माझा वेगळा नव्हता, खोटं कशाला बोलू.
फक्त नंतर निरोप आला नाही.
जागेवर साहेबांच्या मेव्हण्याचं पोर बसलं,
त्याला मीच शिकवलं, स्लॅग कसा ओळखायचा.
तीच ही रेषा.
हिनं वाळू आत येते
आणि माणूस बाहेर राहतो.

आमच्याकडे असलं काही नसतं, असं ग्रॅहमचं म्हणणं.
गुरुवारी ते सहाजण कालव्याकाठच्या पबमध्ये जातात,
शुक्रवारी मीटिंगला सगळं शिजून आलेलं असतं,
आम्ही नुसतं वाढून घ्यायचं.
मला कुणी येऊ नको म्हटलेलं नाही.
ये, असंही नाही.

काल संध्याकाळी जिन्यात बेव्हर्ली भेटली, हातात मॉप.
तिला मी लिंबाच्या लोणच्याची बरणी देत असते,
चीज सँडविचमध्ये घालून खाते ती, डोळे मिटून.
वर-खाली बघून म्हणाली,
वरच्या मजल्यावर टेबल पुसताना कानावर आलं :
तुझं ते गाव. दुसरी भट्टी. जूनमध्ये बंद.
आणि फरशी पुसत खाली उतरून गेली.
तिलाही तक्त्यात चौकोन नाही.

गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे,
काळ्या शाईत, आडनावासकट.
मी भांडी घासली. ओटा दोनदा पुसला.
बारा वाजले, म्हणजे तिकडे साडेपाच,
दत्तोबा स्टोव्हला पंप मारत असणार.
लावला फोन.

“कोन बोलतंय?”
नाव सांगताना अजून जीभ अडते माझी.
“कुरणे. लॅबमध्ये होते, बघा.”
तिकडं नुसता स्टोव्हचा फरफराट.
मग एकदम, “बिनसाखरेच्या बाई व्हय!
कुठं हाय पत्ता तुमचा?”
बाजूला कुणीतरी कप विसळत होतं.
“बोला की,” तो म्हणाला.
“बोला की बाई.”